भूल देणारी डॉक्टर ‘आज नको’ म्हणते तेव्हा

मैत्रिणींनो, या आठवड्याचं पत्र बीडहून आलं आहे. नाव छापू नका, अशी विनंती आहे. म्हणून नाव देत नाही. पण मजकूर मात्र आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

त्या लिहितात : “माझे मिस्टर बीडला शाळेत नोकरीला आहेत. थोरले दीर आणि जाऊबाई पाटोदा तालुक्यात गावी असतात आणि दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. जाऊबाईंचं वय छत्तीस. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळी आली की आठ-आठ दिवस थांबत नाही. एका डॉक्टरांनी पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं. तारीख ठरली, पैशांची जुळवाजुळव झाली, जाऊबाई आमच्याकडे येऊन राहिल्या. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, ‘हिमोग्लोबिन सातच आहे. उद्या मी भूल देणार नाही. आधी रक्त वाढवा. आणि पिशवी काढायची खरंच गरज आहे का, तेही दुसरीकडे एकदा विचारून घ्या.’ घरात सगळे चिडले. मुकादमाची उचल घेतलेली, टोळी निघायला थोडेच दिवस उरलेले. दीर म्हणाले, ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर तयार आहेत, मग ही भूल देणारी बाई कोण नाही म्हणणारी? मलाही उत्तर देता आलं नाही. ताई, तुम्हीच सांगा, त्या डॉक्टरीणबाईंचं बरोबर की चूक?”

उत्तर आधी सांगते आणि कारण मागून. त्यांचं बरोबर आहे. नुसतं बरोबर नाही, तर असं स्पष्ट सांगणारी डॉक्टर तुमच्या जाऊबाईंना भेटली, हे त्यांचं नशीब समजा. पुष्कळ जणींना ती भेटत नाही.

भूल म्हणजे नुसती झोप नव्हे

आपल्याकडे ऑपरेशन झालं की पेढे जातात ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे. भूल कुणी दिली, हे घरातल्या कुणाला ठाऊकही नसतं. लग्नघरात जसं असतं ना, मांडवात मिरवणारी मंडळी सगळ्यांना दिसतात, पण कोठीघराच्या किल्ल्या कमरेला लावून दोन दिवस उभी असलेली काकू फोटोत कुठेच नसते. तिने एक वेळ लक्ष दिलं नाही तर पंगत उठते. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं काम असंच आहे.

“एक इंजेक्शन दिलं की झालं,” असा आपला समज असतो. खरं काम त्या इंजेक्शननंतर सुरू होतं. पूर्ण भूल दिली की पेशंटचा श्वास पेशंटच्या हातात राहत नाही, तो डॉक्टरांच्या हातात जातो. कमरेतून, म्हणजे मणक्यात इंजेक्शन देऊन भूल दिली तर बाई जागी असते, पण तिचं ब्लडप्रेशर एकदम खाली येऊ शकतं. ऑपरेशन करणाऱ्यांचं लक्ष पोटात असतं. नाडी, श्वास, ब्लडप्रेशर, रक्त किती गेलं, सलाईन किती चढलं, हे सगळं उशाशी बसून बघणारं माणूस एकच : भूलतज्ज्ञ.

आता सात हिमोग्लोबिनची गोष्ट. बाईच्या अंगात साधारण बारा किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिन असावं. शरीराला प्राणवायू पोचवणारं तेच. सातवर असलेली बाई धुणीभांडी करते, उसाची मोळीही उचलते, कारण हळूहळू कमी झालेल्या रक्ताची शरीराला सवय झालेली असते. म्हणून घरच्यांना ती धडधाकट दिसते. पण टेबलावर ब्लडप्रेशर खाली आलं, त्यात थोडं जास्त रक्त गेलं, की हाताशी शिल्लक काहीच उरत नाही. महिनाअखेरीला डब्यात शेवटची दहाची नोट असावी आणि त्याच दिवशी पाहुणे यावेत, तसं होतं. जिवावर बेतलेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टर रक्त चढवून पुढे जातात. पण जे ऑपरेशन महिना-दोन महिने थांबू शकतं, ते सातच्या रक्तावर करणं म्हणजे विनाकारण जीव टांगणीला लावणं.

तेव्हा दिरांच्या प्रश्नाचं उत्तर असं : ‘ही कोण नाही म्हणणारी?’ तर नाही म्हणणं हेच तिचं पहिलं काम.

आधी राणीला, मग इतरांना

थोडा इतिहास सांगते, कारण तो आपल्या मराठवाड्याजवळून गेलेला आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून एका पेशंटला भूल दिली आणि सर्वांसमक्ष ऑपरेशन झालं. तो दिवस आजही भूलशास्त्राचा दिवस म्हणून पाळतात. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. त्यावर केवढा गदारोळ झाला! बाळंतवेणा सोसणं हे बाईच्या नशिबीच लिहिलेलं, त्यात औषध कशाला, असं म्हणणारे पुष्कळ होते. मग १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि मोठ्या घरच्या बायकांत ती पद्धत पडली. राणीचं दुखणं ते दुखणं ठरलं. गरिबाघरची बाई मात्र पुढेही कित्येक वर्षं दात-ओठ खातच बाळंत होत राहिली. कुणाचं दुखणं थांबवायचं आणि कुणी सोसायचं, हा प्रश्न भूलशास्त्राबरोबरच जन्माला आला आहे.

आता हैदराबाद. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे मराठवाड्यातल्या वाचकभगिनींना सांगायला नको. त्याच हैदराबादेत डॉ. एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मवर मोठे प्रयोग केले. १८८८ आणि १८८९ साली त्यासाठी दोन कमिशनं बसली. आणि तिथेच १८८५ साली वैद्यकीय शिक्षणाला आलेल्या मोजक्या मुलींत होत्या रूपाबाई फर्दुनजी. त्या पुढे क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात तरबेज झाल्या आणि उच्च शिक्षणासाठी परदेशीही जाऊन आल्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत आज त्यांचं नाव घेतात. ज्या काळी बायकांनी उंबरा ओलांडायची पंचाईत, त्या काळी आपल्याच संस्थानच्या राजधानीत एक बाई पेशंटच्या उशाशी बसून श्वास मोजत होती. लॉरीसाहेबांचे सगळे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. क्लोरोफॉर्मने हृदयही बंद पडतं हे नंतर सिद्ध झालं. पण पेशंटच्या श्वासावरची नजर क्षणभरही हलवू नका, हा त्यांचा धडा मात्र आजही खरा आहे.

तेरा हजार बायका

आता जे लिहिते आहे ते वाचायला जड जाईल, तरी वाचा.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून जातात. दोघांचा मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायची म्हणजे रोजचं काम झालंच पाहिजे. एक दिवस घरी राहिलं तर ‘खाडा’ धरून पैसे कापतात. पाळी आली, गर्भ राहिला, अंगावर जास्त जाऊ लागलं, तरी खाडा परवडत नाही. फडात मोरी नाही, पाणी नाही, कोपीत राहायचं, पहाटे उठून तोडीला लागायचं. मग अंगावरून पांढरं जाणं, कंबरदुखी, ओटीपोटात दुखणं यांतून सुटका म्हणून पिशवीच काढून टाकायची वाट बायकांना दाखवली गेली. कुणाला कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली, अशा हकिकती त्या काळी वर्तमानपत्रांतून पुन्हापुन्हा आल्या.

२०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक! त्यांत पस्तिशी-चाळिशीच्या बायका पुष्कळ. आणि ऑपरेशननंतरही कितीतरी जणींची दुखणी संपलेली नव्हती. म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत. पांढरं जाण्याचा त्रास बहुतेक वेळा तपासणी करून गोळ्या-औषधांनी बरा होतो. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. उलट कमी वयात पिशवी आणि त्याबरोबर बीजकोशही काढले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात, सांधे धरतात, अंगातून वाफा येतात. आणि त्याच अंगाने परत मोळ्या वाहायच्या.

आता तुम्ही विचाराल, यात भूल देणाऱ्यांचा काय संबंध? सांगते. या तेरा हजारांतल्या प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी, त्या बाईला कुणीतरी भूल दिलेली होती. ऑपरेशन ठरवणारे एक आणि ते थांबवू शकणारे दुसरे, असे दोघे जण तिथे असतात. त्या दुसऱ्याला ‘थांबा, हिचं वय काय, रक्त किती, दुसरा इलाज करून पाहिला का?’ एवढं विचारता आलं असतं, तर त्यांतल्या कितीतरी बायका टेबलावरून परत घरी आल्या असत्या.

मग विचारत का नाहीत? डॉक्टर वाईट असतात म्हणून नव्हे. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञांचा स्वतःचा दवाखाना नसतो. बोलावणं आलं की या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये जायचं. बोलावतो सर्जन, पैसेही सर्जनच्याच हातून मिळतात. दोनदा ‘नको’ म्हटलं की तिसऱ्यांदा दुसऱ्याला बोलावणं जातं. त्यातून ती बाई असेल तर आणखी कठीण. “मॅडम, तुम्ही भूल द्या, बाकीचं आम्ही बघतो,” हे ऐकून घ्यायचं. या शाखेत बायका पुष्कळ आहेत. रात्री-अपरात्री सिझेरियनला धावणाऱ्याही त्याच. पण शब्दाला वजन मिळायला वेळ लागतो. सासरी नव्या सुनेचं जसं असतं, तसंच.

म्हणून डॉक्टरांमधलं पुढारीपण म्हणजे नुसतं खुर्चीवर बसणं नव्हे. पैसे बुडतील, बोलावणं येणार नाही, हे ठाऊक असून गरीब बाईच्या बाजूने ‘आज नको’ म्हणणं, हे खरं पुढारीपण. पत्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तेच केलं.

एका माणसाच्या हिमतीवर किती दिवस?

पण सगळं एकेकाच्या हिमतीवर सोडून चालत नाही. त्यासाठी रीत घालावी लागते. अशी एक रीत घालून देण्यात एका मराठी घरातल्या मुलाचा मोठा हात आहे. डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत सर्जन आहेत. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी एक यादी काढली. आपण यात्रेला निघताना सामानाची यादी करून एकेका वस्तूवर खूण करतो, तसलीच साधी. भूल देण्याआधी, चाकू लावण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी, असं तीनदा थांबायचं. पेशंट हीच ना? रक्त जाण्याचा धोका किती? बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं का? आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, सगळ्यांनी आपापलं नाव नि काम मोठ्याने सांगायचं. नाव सांगितलं की तोंड उघडतं, आणि मग चूक दिसली तर नर्ससुद्धा बोलते. आठ देशांतल्या आठ शहरांत, आपल्या दिल्लीसह, ही यादी वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू हजारी १५ वरून ८ वर आले. एका कागदाने एवढं केलं. २०११ साली त्यांनी आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून गरीब देशांतल्या दवाखान्यांना ती बोटाला लावायची यंत्रं पुरवायचं कामही सुरू केलं.

बीडमध्येही २०१९ नंतर एक रीत पडली : खाजगी दवाखान्यात पिशवी काढायची तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही याने बळ मिळतं. “मी नाही म्हणत, नियमच तसा आहे,” असं सांगता येतं.

मोठ्या ऑपरेशनला मोठ्या शहरीच गेलं पाहिजे, असंही नाही. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं सरकारी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे. तिथे भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. सरकारी ठिकाणी भूलतज्ज्ञ पगारावर असतात. एखादं ऑपरेशन पुढे ढकललं म्हणून त्यांच्या ताटातली भाकरी जात नाही. आणि जिथे भूलतज्ज्ञ मिळतच नाहीत, तिथे अडलेल्या बाळंतिणीसाठी एम.बी.बी.एस. डॉक्टरांना खास प्रशिक्षण द्यायची सरकारी योजनाही आहे. रात्री दोन वाजता ‘भूल द्यायला कुणी नाही, पुढे घेऊन जा’ हे शब्द ऐकलेल्या घराला त्या प्रशिक्षणाची किंमत विचारा.

दुखणं अंगावर काढायचं किती?

भूल देणारे डॉक्टर फक्त ऑपरेशनपुरते असतात, असं समजू नका. जुनाट दुखण्यावर, कॅन्सरच्या वेदनांवर इलाज करण्याचं शास्त्रही बहुतांशी याच मंडळींनी वाढवलं.

केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल हे मुळात भूलतज्ज्ञ. कालिकतच्या मेडिकल कॉलेजात असताना कॅन्सरच्या गरीब पेशंटांचे हाल त्यांनी पाहिले. ‘आता इलाज नाही, घरी न्या’ म्हणून सांगितलेले हे पेशंट घरी जाऊन तळमळत. १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह तिथे वेदनाशमनाचं काम सुरू केलं. त्यात शेजारपाजारच्या साध्या माणसांना, घर सांभाळणाऱ्या बायकांनाही स्वयंसेवक म्हणून शिकवलं. पुढे २००३ साली ‘पॅलियम इंडिया’ ही संस्था निघाली. मॉर्फिनची गोळी फार महाग नसते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ती दवाखान्यात ठेवणंच इतकं किचकट झालं होतं की डॉक्टर नाद सोडून देत. तो कायदा सुटसुटीत व्हावा म्हणून ही मंडळी वर्षानुवर्षं सरकारच्या दारी गेली, आणि २०१४ साली त्यात दुरुस्ती झाली. २०१८ साली राजगोपाल यांना पद्मश्री मिळाली. दुखणं थांबवणं ही चैन नव्हे, तो माणसाचा हक्क आहे, हे त्यांनी करून दाखवलं. पण कायदा बदलला म्हणून गोळी आपोआप गावोगाव पोचत नाही. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात असा एखादा डॉक्टर उभा राहावा लागतो.

आपल्या घरातल्या दुखण्यांकडे बघा. पुरुषाची कंबर धरली की दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघतो. बाईची धरली तर “कामाने दुखते, बाम लाव.” बाळंतपणात सोसलंस, मग हे काय मोठं, असं आपण आपल्यालाच सांगतो. आणि मग मेडिकलच्या दुकानातून गोळी आणायची. ऊसतोडीच्या बायका तर थैलीत गोळ्यांची पट्टी घेऊनच निघतात. या वेदनाशामक गोळ्या रोज उपाशीपोटी घेतल्या तर जठरात व्रण होतात. उन्हात घाम जाऊन, पाणी न पिता घेतल्या तर मूत्रपिंडांना धक्का बसतो. महिना-दीड महिना दुखणं थांबत नसेल तर गोळी बदलू नका, कारण शोधा.

ऑपरेशननंतरचं दुखणंही मुकाट्याने सोसू नका. टाके दुखतात म्हणून बाई खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही. मग छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती राहते. दुखणं कमी असलं की बाई लवकर उठते, लवकर बरी होते. “दुखतंय” हे नर्सला सांगणं म्हणजे नाजूकपणा नव्हे.

ऑपरेशन ठरलं तर

हे कात्रण कापून औषधांच्या डब्यात ठेवा.

पहिलं, विचारा : भूल कोण देणार? त्यांचं शिक्षण काय? एम.डी., डी.ए. किंवा डी.एन.बी. ही या शाखेची शिक्षणं. ऑपरेशनच्या आधी ते मला भेटून तपासणार का? ऑपरेशन संपेपर्यंत ते तिथेच थांबणार का? असं विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगल्या डॉक्टरांना उलट बरं वाटतं.

दुसरं, सांगा : दमा, ब्लडप्रेशर, मधुमेह, थायरॉईड यांच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठतं, आधीच्या ऑपरेशनला काही त्रास झाला होता का, दिवस राहिले असण्याची शंका आहे का. हलणारे दात, कवळी असेल तर सांगा. मिशरी, तंबाखूची सवय असेल तर लाजू नका, सांगा. सासूबाईंसमोर बोलायची चोरी असेल तर “मला एकटीला बोलायचं आहे” असं म्हणा.

तिसरं, उपास नीट पाळा. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते ऐका. माया म्हणून गुपचूप चहा-बिस्किट देऊ नका. भुलीत उलटी होऊन ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

चौथं, नेलपॉलिश काढा, बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका. त्या बोटालाच प्राणवायूचं यंत्र लावायचं असतं. दागिने घरी ठेवा.

पाचवं, एक गैरसमज काढून टाका. ‘मणक्यात इंजेक्शन घेतलं आणि कंबर कायमची गेली,’ असं बायाबायांत बोललं जातं. सुई टोचलेल्या जागी दोन-चार दिवस दुखतं, ते खरं. काही जणींचं उठून बसल्यावर डोकं फार दुखतं. तसं झालं तर डॉक्टरांना लगेच सांगा, त्यावर इलाज आहे. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईने येत नाही. ती येते बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलल्याने, वाकून कामं केल्याने, अंगात रक्त आणि कॅल्शियम कमी असल्याने.

आता पत्र लिहिणाऱ्या बहिणीला

जाऊबाईंना पुढच्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईला घेऊन जा. सोनोग्राफी, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आणि रक्त तपासणी करून घ्या. पाळीत इतकं का जातं, याचं कारण कळल्याशिवाय पिशवीला हात लावू देऊ नका. कारण कळलं आणि काढावीच लागली तर काढा. तेव्हा भीती बाळगू नका. फक्त नियमाप्रमाणे परवानगी घेतली आहे का, हे विचारा.

लोहाच्या गोळ्या मिळतील. त्या चहाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका. रक्त एका दिवसात वाढत नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. गोळ्यांनी भागत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, ते डॉक्टरांना विचारा.

दिरांना रागावू नका. त्यांच्या डोक्यावर उचल आहे, ती खोटी नाही. त्यांना एवढंच विचारा : बायको टेबलावर गेली तर कोयता कुणाबरोबर धरणार? मुकादमाशी बोलायला तुमच्या मिस्टरांना बरोबर पाठवा. मास्तरांचा शब्द गावात अजून चालतो. दोन-तीन आठवडे उशिरा निघण्याची सवलत मागितली तर मिळूही शकते. निदान मागून तरी बघा.

आणि एक काम तुम्ही स्वतः करा. त्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटा आणि “तुम्ही थांबवलंत, बरं केलंत,” एवढं सांगा. नर्सिंग होममध्ये त्यांना त्या दिवशी कुणी ना कुणी बोल लावले असतील. पेशंटच्या घरचं माणूस येऊन असं बोललं, तर पुढच्या वेळी ‘आज नको’ म्हणणं त्यांना थोडं सोपं जाईल.

जाऊबाईंचं रक्त किती वाढलं आणि तपासणीत काय निघालं, ते जरूर कळवा.